बटाट्यांच्या तळघरातला किल्ला

आस्लाक फ्लातेन जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईचं घर रिकामं करायला खोऱ्यात आला, तेव्हा त्याच्या डोक्यात नुसत्या याद्या होत्या. काय ठेवायचं, काय वाटायचं, काय जाळायचं. ईस्टरनंतर घर ऑस्लोच्या एका जोडप्याच्या ताब्यात जाणार होतं आणि आई, म्हणजे गुन्वोर, खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात. तिला एक्क्याऐंशी पूर्ण झाली होती. कमरेच्या ऑपरेशननंतर तिने जिन्याला कायमचा रामराम ठोकला होता.

आस्लाक पंचेचाळीस वर्षांचा, धंद्याने इलेक्ट्रिशियन, नाकासमोर चालणारा माणूस. दिवा लागत नसेल तर वायर कुठेतरी तुटलेली असते, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान, आणि आजवर त्यात त्याला खोट सापडली नव्हती.

त्या खोऱ्यात ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सूर्य येत नाही. दक्षिणेचा डोंगर वाटच देत नाही त्याला. समोरच्या कड्याच्या माथ्यावर ऊन दिसतं, पण अंगाला लागत नाही. बारा मार्चला दुपारी बाराच्या सुमारास ते शाळेच्या अंगणात पहिल्यांदा उतरतं, तेव्हा सगळं गाव तिथे जमतं आणि जॅम भरलेले गोल पाव खातं. त्यांना सूर्यपाव म्हणतात. म्हातारीकोतारीसुद्धा चेहरा वर करून, डोळे मिटून उभी राहतात.

आस्लाकने एकोणतीस वर्षांत एकही सूर्यपाव खाल्ला नव्हता. त्याला कारण त्याचा भाऊ.

स्वेनुंग त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. एकोणिसाव्या वर्षी त्याने चर्चच्या सभागृहाने टाकून दिलेला एक कीबोर्ड मिळवला, कुठूनसं चार ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपवर चार वाद्यं वेगवेगळी भरता येतील असं, कॅसेट रेकॉर्डर आणलं आणि स्वयंपाकघराच्या खालच्या बटाट्यांच्या तळघरात जाऊन बसला. जमिनीतली झडप उचलायची, सहा पायऱ्या उतरायच्या, की डावीकडे बटाटे आणि उजवीकडे स्वेनुंग. त्या काळी देशभर असली पोरं होती. दिवसभर केस सोडून गिटारी बडवायची आणि एकटी असली की स्वस्तातल्या कीबोर्डवर किल्ल्यांची गाणी वाजवायची. ढोल नाही, शब्द नाहीत. नुसता संथ ऑर्गन, लांबून येणारं गायन, एखादं शिंग. ऐकताना वाटायचं, आपण मशाल घेऊन ओल्या दगडांच्या बोळातून चाललोय आणि पुढच्या दालनात कुणीतरी आपली शतकभर वाट बघतंय. स्वेनुंगने जन्मात किल्ला पाहिला नव्हता. खोऱ्यात दगडी म्हणावी अशी एकच इमारत होती, दूध संकलन केंद्राची. तरी तो प्रत्येक कॅसेटच्या कव्हरावर पेनने एक बुरूज काढायचा, वाचनालयात त्याच्या झेरॉक्स मारायचा आणि कॅसेटी पोलंड, फिनलंडमधल्या आपल्यासारख्याच पोरांना पोस्टाने पाठवायचा. बुरुजाला दार कधीच नसायचं. आईने एकदा विचारलं, अरे, मग आत जायचं कुठून? तर म्हणाला, आत असलेल्याला दार कशाला लागतं.

शेजारचा ब्योर्गुल्व त्याला बटाट्यांचा राजा म्हणायचा. शाळेतली मुलं आस्लाकलाही त्यावरून चिडवायची. सोळाव्या वर्षी माणसाला मरण परवडतं, स्वतःचं हसं परवडत नाही.

बारा मार्च एकोणीसशे पंचाण्णव, रविवार. सकाळी स्वेनुंगने झडपेतून डोकं वर काढून विचारलं की तीन ट्रॅक झालेत, चौथा तुझ्यासाठी रिकामा ठेवलाय, तुझी शाळेची बासरी घेऊन येतोस का? पाचच स्वर आहेत. आस्लाक बूट घालत होता. तो म्हणाला, "तुझ्या बटाट्यांच्या किल्ल्यात मी येणार नाही. आणि आजपासून मला बोलावूसुद्धा नकोस." मग तो आईवडिलांबरोबर सूर्य बघायला गेला.

दोन वाजता तिघं परतली. झडप उघडी होती, खालचा दिवा चालू होता, मशीन हाताला गरम लागत होतं. स्वेनुंग नव्हता. त्याचे बूट आणि स्की दाराशी जागच्या जागी. अंगणातल्या ताज्या बर्फात तीन माणसांची पावलं बाहेर गेलेली आणि तीच तीन परत आलेली. चौथ्या माणसाचं पाऊल नव्हतं. पोलिसांनी वसंतात तळं ढवळून काढलं, डोंगरावर कुत्री सोडली. त्यानंतर वडील सहा वर्षं जगले, पण जगले म्हणायचं इतकंच.

तर आता एकोणतीस वर्षांनी, घर आवरायला आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आस्लाकने ती कॅसेट ऐकली. मुद्दाम नाही. दुपारची कॉफी झाल्यावर आईने फ्रिजवरचा जुना कॅसेट प्लेअर चालू केला, आणि स्वेनुंगचा ऑर्गन स्वयंपाकघरभर पसरला. आस्लाकच्या हातातला कप तसाच राहिला.

ती म्हणाली, दर रविवारी ऐकते. पहिल्या वर्षापासून. मशीनमध्येच होती, शेवटची.

एक बाजू संपली. तिने सवयीने कॅसेट उलटी करून लावली. दुसऱ्या बाजूला शिंग होतं, पण ते वाजण्याऐवजी कुणीतरी श्वास आत ओढत असल्यासारखं होत होतं. आणि त्याच्या खाली, खरखरीत, टक्. टक्. टक्. दगडावर बुटाविना पडणारी पावलं. सुरुवातीला जवळ, मग हळूहळू लांब, खोल जात जात पंचवीस मिनिटांनी विरून गेली.

"हे काय आहे?" आस्लाकने विचारलं.

"स्वेनुंग चालतोय," गुन्वोर म्हणाली. दळण आणायला गेलेल्या पोराबद्दल सांगावं इतक्या साधेपणाने. "अगदी सुरुवातीला एकदोनच पावलं ऐकू यायची. मग वाढत गेली. आता बघ किती चालतो. पायाने धड आहे, एवढं तरी कळतं ना."

आस्लाकने हसण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्याला मशीनची माहिती होती. घरच्या प्लेअरवर कॅसेटला दोन बाजू असतात. चार ट्रॅकचं रेकॉर्डर मात्र चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतं, तिथे दुसरी बाजू नसतेच. तसली कॅसेट घरच्या प्लेअरवर उलटून लावली, तर तिसरा आणि चौथा ट्रॅक मागून पुढे वाजतो. शिंग म्हणूनच श्वास ओढत होतं. आई एकोणतीस वर्षं भावाचं अर्धं गाणं उलटं ऐकत होती. आणि कॅसेटच्या पट्टीवर स्वेनुंगच्या अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं: एक ऑर्गन, दोन गायन, तीन शिंग, चार आस्लाक.

चौथ्यावर काही असायलाच नको होतं.

दुसऱ्या दिवशी तो कॅसेट घेऊन तळघरात उतरला. रेकॉर्डर ताडपत्रीखाली तसंच होतं. त्याने आतला रबरी पट्टा बदलला, टेप ज्याच्यावरून घासत जाते ते हेड पुसलं आणि पहिले तीन ट्रॅक बंद करून फक्त चौथा लावला. बराच वेळ खरखर. मग खूप खोलवरून, टक्. सरळ वाजवल्यावर पावलं लांब जात नव्हती. वर येत होती. त्याने मोजली. मोजणं हाच त्याचा स्वभाव. चौदाशे त्र्याण्णव. तळघराला पायऱ्या सहा.

पुन्हा वाजवून मोजली. चौदाशे ब्याण्णव. चुकलो असेन, त्याने ठरवलं. तिसऱ्यांदा खडूने भिंतीवर दर दहाला एक रेघ मारत मोजली. चौदाशे एक्क्याण्णव.

मग त्याने लॅपटॉपवर कॉपी करून पाहिली. कॉपीत खरखर होती, पावलं नव्हती. गाडीतल्या प्लेअरवर पाहिली, काही नाही. मागे येऊन त्याच मशीनवर त्याच तळघरात लावली. चौदाशे नव्वद. त्याने घरातली सगळी वायरिंग तपासली, कारण दुसरं काय तपासायचं ते त्याला माहीत नव्हतं. वायरिंग ठणठणीत होती.

रात्री जेवताना तो बटाटे सोलत हिशेब करत राहिला. एकोणतीस वर्षांचे रविवार, त्यातून हॉस्पिटलातले थोडे वजा. दर रविवारी उलटं वाजलं की एक पाऊल जास्त; सरळ वाजलं की एक कमी. म्हणजे म्हातारी मायेने दर आठवड्याला स्वेनुंगला एक पायरी खाली पाठवत होती.

हे तिला सांगायचं नाही, एवढं त्याने त्या जेवणात ठरवलं, आणि आयुष्यात ठरवलेल्या गोष्टींपैकी ही एक त्याने पाळली. वरच्या प्लेअरचा पट्टा त्याने स्वतःच्या हाताने कापला आणि तो तुटला म्हणून सांगितलं. गुन्वोर खट्टू झाली. "मग रविवारी मी काय करू?" तिने विचारलं. आस्लाक म्हणाला, मी खाली वाजवतो, तू झडपेपाशी बसून ऐक. तिला ते पटलं. लेकाने तेवढं तरी केलं.

त्याने कामावर कळवलं की आईची तब्येत बरी नाही, आणि तळघरात ठाण मांडलं. पावलं जिथून सुरू होत तिथे टेप आणायची, शेवटापर्यंत वाजवायची, मागे घ्यायची, पुन्हा. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, कधी सात. वरून थर्मासमध्ये कॉफी आणि कागदात गुंडाळलेला ब्राउन चीज लावलेला ब्रेड दोरीने खाली यायचा. झडप उघडायला कमरेत वाकताना आई कण्हायची, ते तो ऐकायचा. भिंतीवर खडूच्या रेघा वाढत गेल्या. बाराशे. हजार. नऊशे.

ब्योर्गुल्व एकदा अंड्यांची पाटी घेऊन आला आणि झडपेतून वाकून म्हणाला, "काय रे आस्लाक, बटाट्यांना मोड आणायला बसलायस का? राजा गेला, आता युवराज?" आस्लाकने मान वर केली. ब्योर्गुल्वने त्याचा चेहरा पाहिला आणि पुढचा विनोद गिळला. अंडी ठेवून, दार हळू लावून तो गेला. त्यानंतर तो त्या घरी आला नाही, रस्त्यात भेटला तरी हवापाण्याचंच बोलला.

फेब्रुवारीच्या मध्यावर आस्लाकच्या लक्षात आलं की टेप झिजतेय. हेडवर तपकिरी भुकटी जमायला लागली होती. रविवारी आईसाठी त्याने चारही ट्रॅक लावले, तर शिंग फाटल्यासारखं वाजलं. पुढच्या रविवारी शिंग नव्हतंच. मग गायन बसलं, दालनातली माणसं एकेक करून निघून जावीत तसं. जे काही स्वेनुंगने या जगात करून ठेवलं होतं ते सगळं या एका कॅसेटवर होतं. आधीच्या कॅसेटी कुठे पोलंडात, फिनलंडात कुणाच्या माळ्यावर असल्या तर असल्या, पण हे गाणं फक्त इथे होतं. एकेक पाऊल वर आणायला आस्लाक त्याचा किल्ला थोडाथोडा पाडत होता.

थांबावं का, असं त्याला वाटलं. दोन दिवस त्याने मशीनला हात लावला नाही. त्या दोन दिवसांत त्याला कळलं की भाऊ हवा असणं म्हणजे काय. इतकी वर्षं त्याने ते जॅकेटसारखं खुंटीला टांगून ठेवलं होतं. आता ते अंगावर चढलं होतं आणि निघत नव्हतं. त्याला स्वेनुंगचे तेलकट केस आठवले, पाठीवर हलकी थाप मारायची सवय आठवली, लहानपणी सूर शिकवताना तो बोटांनी टेबलावर ठेका कसा धरायचा ते आठवलं. संगीत गेलं तर जाऊ दे. माणूस यायला हवा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तो खाली बसला.

बारा मार्च आला आणि गेला. वर खिडकीतून बायकांच्या, पोरांच्या हसण्याचा आवाज लांबून आला. गुन्वोरने सूर्यपाव भाजले होते, एक दोरीने खाली सोडला. आस्लाकने तो खाल्ला नाही, कोपऱ्यातल्या पेटीवर ठेवला. तेव्हा एकशे चाळीस उरली होती.

पावलं जवळ आली तसं आणखी काही ऐकू यायला लागलं. धापा. एवढा जिना चढून दमलेल्या माणसाच्या. कधीतरी तो थांबायचा, भिंतीवरून हात फिरवायचा, आणि पुन्हा चालायचा. एकदा तो हलकेच हसला. आस्लाकने मशीन बंद केलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिला.

वीस मार्च, बुधवार. दुपारचे चार.

एक पाऊल उरलं होतं.

तो वर गेला, आईची खुर्ची झडपेजवळ टेबलापाशी आणून ठेवली आणि तिला तिथे बसवलं. आज शेवटचं आहे, एवढंच म्हणाला.  ती उठून कॉफी ठेवायला लागली. आस्लाक पुन्हा उतरला. सहा पायऱ्या. खुर्ची पायऱ्यांकडे पाठ करून ठेवली, कारण बघत बसायची हिंमत नव्हती.

टेप आता जवळजवळ पारदर्शक झाली होती. त्याने कळ दाबली.

खरखर.

खरखर.

टक्.

तो आवाज स्पीकरमधून आला की पाठीमागून, ते त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. मानेवर गार वारा लागला. पाठीवर कुणीतरी हलकी थाप मारावी असा कपडा किंचित दबला. मग काही नाही.

त्याने डोळे मिटून घेतले. "मी आलोय," तो म्हणाला. "बासरी नाही आणली, पण आलोय."

 टेप संपून कळ वर उडाली. तरी तो बसून राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, बहुधा वीस. मग वळून पाहिलं. बटाटे, पेटी, पायऱ्या. तेव्हा तो रडला. एकोणतीस वर्षांचं रडू होतं, वेळ लागला. इतके दिवस, सगळं गाणं पुसून, आणि हाती धुपाटणं. बाहीने तोंड पुसून तो एकेक पायरी चढत वर आला.

स्वयंपाकघरात दिवा लावलेला होता. गुन्वोर टेबलापाशी ताठ बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर गेल्या कित्येक वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं, ती तरुण दिसत होती. टेबलावर दोन कप होते. एक तिच्या पुढ्यात. दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे, अर्धा प्यालेला. त्यातून अजून वाफ येत होती.

आस्लाक दारात थबकावं तसा झडपेच्या काठावर उभा राहिला.

"केस तेवढेच आहेत रे," ती म्हणाली. "पायात मोजे नाहीत. थांब, आणते म्हटलं, तर थांबला नाही. म्हणाला, आस्लाक खाली एकटाच बसलाय, आधी त्याला घेऊन येतो."

आस्लाकने वाफाळणाऱ्या कपाकडे पाहिलं.

"आत्ताच उतरला," गुन्वोरने त्याच्या मागे पाहत विचारलं. "वाटेत भेटला नाही का?"

तो वळून झडपेपाशी गुडघ्यांवर बसला. जिना अरुंद होता, एका वेळी एकच माणूस मावेल इतका. खाली दिवा चालू होता. सहा पायऱ्या, खुर्ची, मशीन. कुणी नव्हतं.

"आस्लाक," खालून हाक आली. एकोणीस वर्षांच्या मुलाचा आवाज, जरा चिंतेतला.

"मी वर आहे," आस्लाक म्हणाला. मग मोठ्याने, "स्वेनुंग, अरे मी इथे वर आहे."

 मग पुन्हा तीच हाक आली, मघापेक्षा एक पायरी खालून.